ऊद, वीणा आणि पेटी : पुणे परिसरातील श्रुतिप्रयोगांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

परक्या भूमीतून आलेले वाद्य आपल्या संगीतासाठी स्वीकारताना वादकाला नेमके काय शिकावे लागते आणि काय सोडावे लागते, हा या शोधनिबंधाचा मुख्य प्रश्न आहे. अरब जगातील ऊद हे पडदे नसलेले वाद्य तुलनेसाठी समोर ठेवून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुणे, सातारा, सांगली व मिरज या परिसरात हार्मोनियमचा झालेला स्वीकार, कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमंट्स यांचे श्रुतिप्रयोग, आकाशवाणीवरील बंदी आणि वादकांनी शोधलेले मार्ग यांचा येथे परामर्श घेतला आहे. वाद्य सुधारण्याच्या प्रयत्नांपेक्षा वादकाचा कान घडविण्याचे प्रयत्न अधिक टिकाऊ ठरले, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : ऊद, श्रुती, हार्मोनियम, सारंगी, व्हायोलिन, पुणे, संगीतशिक्षण

प्रस्तावना

'ऊद' हा शब्द मराठी माणसाला अपरिचित नाही. देवघरात ऊद घातला जातो आणि 'उदबत्ती' हा शब्द तर घरोघरी रोजच्या वापरातला आहे. अरबी भाषेत 'ऊद' म्हणजे लाकूड. सुगंधी लाकडासाठी हा शब्द जसा वापरला गेला, तसाच तो लाकडी पाठीच्या एका तंतुवाद्यासाठीही रूढ झाला. 'अल्-ऊद' या शब्दापासूनच युरोपातील 'ल्यूट' हे नाव आले. अशा रीतीने हा शब्द आपल्याकडे सुगंधाच्या रूपाने आला व मुरला. वाद्य मात्र येथे रुजले नाही. अरब, तुर्की व इराणी संगीतात ज्या वाद्याला मध्यवर्ती स्थान आहे, ते हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत आढळत नाही.

याउलट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेँ याने ज्याचे पेटंट घेतले, ते हार्मोनियम महाराष्ट्रात इतके रुजले की त्याला 'पेटी' आणि 'संवादिनी' अशी आपली नावे मिळाली. एवढेच नव्हे, तर गायकाच्या आवाजाची उंचीसुद्धा आपण पेटीच्या भाषेत सांगू लागलो. 'आपण कोणत्या पट्टीत गाता?' या प्रश्नाला आज पुण्यातील कोणताही गायक 'काळी एक' किंवा 'पांढरी पाच' असे उत्तर देतो. एका परक्या वाद्याने आपल्या बोलण्यात एवढे खोल स्थान मिळवावे, ही संगीताच्याच नव्हे तर समाजाच्या इतिहासातीलही लक्षणीय घटना होय.

मींड, आंदोलन आणि सूक्ष्म स्वरभेद हे ज्या संगीताचे प्राण, त्या संगीताने स्वर न वळवता येणारे वाद्य का स्वीकारले? आणि स्वीकारल्यानंतर त्या वाद्यावर कोणते प्रयोग केले? या प्रश्नांचा मागोवा घेताना ऊद हे वाद्य एखाद्या आरशासारखे उपयोगी पडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ऊद व हार्मोनियम या दोन वाद्यांच्या रचनेतून त्यांच्या शिक्षणाच्या पद्धती कशा घडतात, हे तपासणे.
२. पुणे परिसरात हार्मोनियमच्या प्रसारामागील सामाजिक कारणे शोधणे.
३. देवल व क्लेमंट्स यांच्या श्रुतिप्रयोगांचे ऐतिहासिक महत्त्व निश्चित करणे.
४. या इतिहासाचा आजच्या संगीतशिक्षणाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, स्वरांतरांचा विचार करताना साध्या गणिताचा आधार घेतला आहे.

१. पडदे नसलेले वाद्य आणि त्याचे शिक्षण

ऊदाची पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून व एकमेकींना जोडून केलेली, अर्ध्या नासपतीच्या आकाराची असते. मान आखूड असते, खुंट्यांचा भाग मागे वळलेला असतो. बहुतेक तारा जोडीने लावलेल्या असून त्या 'रीशा' नावाच्या लांबट नखीने छेडतात. आजच्या ऊदाच्या मानेवर पडदे नसतात. त्यामुळे बोट नेमके कोठे टेकवावे हे वाद्य सांगत नाही, ते कानाने सांगावे लागते.

नवव्या शतकातील अल्-किंदी आणि दहाव्या शतकातील अल्-फाराबी या तत्त्वज्ञांनी स्वरांतरांचे विवेचन ऊदाच्या तारांच्या आधारे केले. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुववीणा व चलवीणा अशा दोन वीणा घेऊन श्रुतींचे मापन सांगितले आहे. एक वीणा अचल ठेवायची, दुसरीचे स्वर क्रमाक्रमाने उतरवायचे आणि दोहोंतील अंतर कानाने ओळखायचे, अशी ही चतुःसारणेची पद्धती होय. दोन्ही परंपरांमध्ये शास्त्राचा जन्म तारेवर झाला आहे आणि प्रमाण म्हणून कानच मानला गेला आहे, हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

गांधार स्वराचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. षड्जाची कंपनसंख्या दर सेकंदास २४० मानली तर ५/४ या गुणोत्तराने येणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा होतो. सप्तकाचे १२ समान भाग केले असता येणारा गांधार मात्र सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. ६० सेंटिमीटर लांबीची तार घेतली तर या दोन गांधारांच्या जागांत जेमतेम ४ मिलिमीटरांचे अंतर पडते. व्हायोलिनसारख्या सुमारे ३३ सेंटिमीटर तारेच्या वाद्यावर ते २ मिलिमीटर इतकेच राहते. बोटाच्या टोकाच्या रुंदीपेक्षाही हे अंतर कमी आहे. ऊदाच्या विद्यार्थ्याला पहिली काही वर्षे या चार मिलिमीटरांसाठीच खर्ची घालावी लागतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा फरक अगदी सूक्ष्म असला तरी तो ऐकू येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांवर मिळविली असता तिच्यातून पाचवा स्वयंभू स्वर म्हणून ६०० कंपनांचा तार गंधार निघतो. जवारी उत्तम असलेल्या तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो. त्याच वेळी समान भागांवर मिळविलेल्या पेटीचा तार गंधार वाजविल्यास तो सुमारे ६०४.८ कंपनांचा असतो. दोन्ही स्वर एकत्र आले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे निर्माण होतात. ज्याला आपण 'पेटी तंबोऱ्याशी भांडते' असे म्हणतो, त्याचे कारण हेच आहे.

२. पेटी का आली? शिकण्याजोग्या वाद्याचा प्रश्न

१८७४ मध्ये पुण्यात गायन समाजाची स्थापना झाली. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे हे या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते होते. संगीत हे सुशिक्षित, प्रतिष्ठित समाजाने शिकावे व ऐकावे, ही या संस्थेमागील भूमिका होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यात झाला आणि रागसंगीत मध्यमवर्गाच्या घरापर्यंत पोहोचू लागले. १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाची उभारणी केली. १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. अवघ्या ६० वर्षांत संगीत दरबार व कोठी यांतून बाहेर पडून वर्ग, पुस्तक, परीक्षा आणि रंगमंच यांच्या कक्षेत आले.

या स्थित्यंतराला शिकण्याजोगे वाद्य हवे होते. तोपर्यंत गायनाच्या साथीचे मुख्य वाद्य सारंगी होते. सारंगीला पडदे नाहीत. तार बोटाच्या टोकाने न दाबता नखाच्या मुळाशी असलेल्या भागाने अडवून स्वर काढावा लागतो. शिवाय तरफेच्या तीसहून अधिक तारा रागागणिक मिळवाव्या लागतात. उस्तादाच्या सहवासात दीर्घकाळ राहिल्याखेरीज ही विद्या साध्य होत नाही. पेटीच्या बाबतीत मात्र पट्टी दाबली की स्वर निघतो, पहिल्या दिवशी आणि विसाव्या वर्षीही तोच. क्रमांक घातलेल्या पट्ट्या आणि छापील स्वरलेखन यांच्या साहाय्याने घरबसल्या पदे बसविणे शक्य झाले. कलकत्त्यातील द्वारकानाथ घोष यांना हाताने भाता चालवायच्या पेटीच्या प्रसाराचे श्रेय दिले जाते. मांडी घालून बसणाऱ्या वादकाला ही रचना सोयीची ठरली.

मात्र सोय हे एकच कारण नव्हते. सारंगी हे कलावंतिणींच्या मैफलीतील साथीचे वाद्य म्हणून ओळखले जात असे. संगीताला 'शिष्ट' समाजात आणू पाहणाऱ्यांना ती ओळख नकोशी होती. परदेशातून आलेल्या पेटीला असा इतिहास चिकटलेला नव्हता. जात, घराणे व कोठी यांच्या खुणा नसलेले हे वाद्य ब्राह्मण व अन्य मध्यमवर्गीय घरांत निर्वेधपणे प्रवेश करू शकले. त्यामुळे अनेक घरांतील मुलींना संगीताचे पहिले धडे मिळाले, ही या प्रसाराची जमेची बाजू निर्विवाद आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या सारंगीवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांच्या हातचे काम हळूहळू गेले, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष यांच्यासारखे सारंगिये होते. परंतु पुढे रंगभूमीवर ऑर्गन आणि मैफलीत पेटी यांचेच प्राबल्य राहिले. वाद्याची निवड ही नेहमीच निव्वळ सौंदर्याची निवड नसते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

३. देवल, क्लेमंट्स आणि श्रुतींची पेटी

पेटीचा प्रसार होत असतानाच तिच्या स्वरांविषयी शंका घेणारे अभ्यासक याच परिसरात पुढे आले. त्यांत कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे नाव अग्रस्थानी येते. सरकारी सेवेत डेप्युटी कलेक्टर राहिलेल्या देवलांनी १९१० मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून हिंदू स्वरसप्तक आणि २२ श्रुती या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या प्रतिपादनासाठी त्यांनी ग्रंथांबरोबरच प्रत्यक्ष गायनाचाही आधार घेतला, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांच्या गायनातील स्वर तारेच्या लांबीवर मोजून त्यांनी गुणोत्तरे निश्चित करण्याचा प्रयत्न केला. खाँसाहेबांची स्वरावरील एकाग्रता सर्वश्रुत होती. त्यांनी याच काळात आधी बेळगावात आणि नंतर पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. त्यामुळे गायक आणि अभ्यासक यांचा हा संयोग या परिसरात सहज घडून आला.

२२ श्रुतींची ही मांडणी थोडक्यात अशी सांगता येते. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर. उरलेल्या रिषभ, गांधार, मध्यम, धैवत व निषाद या पाच स्वरांची प्रत्येकी चार रूपे मानली की २० होतात आणि दोन अचल स्वर मिळवून २२ ही संख्या येते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, म्हणजे सेंट, कल्पिले तर रिषभाची चार रूपे अनुक्रमे सुमारे ९०, ११२, १८२ आणि २०४ सेंटवर येतात. समान भागांच्या पेटीवर मात्र १०० आणि २०० अशा दोनच जागा उपलब्ध असतात. चारांपैकी एकही रूप तिच्यावर यथातथ्य वाजत नाही.

ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी देवलांच्या प्रतिपादनाचा पाठपुरावा केला. भारतीय संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. या दोघांच्या प्रयत्नांतून लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडून श्रुतींची खास पेटी तयार करून घेण्यात आली. नेहमीच्या पट्ट्यांखेरीज जादा पट्ट्या बसवून सूक्ष्म स्वर उपलब्ध करून देणे, ही तिच्यामागील कल्पना होती. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न आणि ही पेटी हे दोन्ही चर्चेचे विषय ठरले. त्याच परिषदेत विष्णु नारायण भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताचा ऐतिहासिक आढावा घेणारा निबंध वाचला. प्रचलित रागसंगीताची मांडणी १२ स्वरांच्या आधारे करता येते, ही त्यांची भूमिका होती. शिकविण्याच्या दृष्टीने ती व्यवहार्य होती आणि पुढे तीच सर्वत्र रूढ झाली.

श्रुतींची पेटी गायकांमध्ये रूढ झाली नाही. याची कारणे तांत्रिक आहेत तशीच संगीतविषयकही आहेत. पट्ट्यांची संख्या वाढली की बोटांची गती मंदावते, ही झाली पहिली अडचण. दुसरी अडचण अधिक मूलभूत स्वरूपाची आहे. दरबारी कानड्यातील कोमल गांधार हा एका ठिकाणी उभा राहणारा स्वर नव्हे. तो आंदोलित असतो, त्याला वरचा आणि खालचा स्वर स्पर्श करीत राहतो. भैरवातील रिषभाचीही तीच गत आहे. अशा स्वराला दहा पट्ट्या दिल्या तरी तो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतच वावरणार. देवलांच्या मापनाने स्वराचे स्थान दाखविले. स्वराची हालचाल दाखविणे त्या पेटीला शक्य नव्हते.

असे असले तरी हा प्रयोग वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. गायकाच्या कंठातील स्वर मोजता येतो, ग्रंथातील वचन प्रत्यक्ष ऐकून पारखता येते आणि उस्तादाचे ज्ञान हा शास्त्राचा पुरावा होऊ शकतो, या तीन गोष्टी त्याने मराठी संगीतविचारात रुजविल्या.

४. कैरो, १९३२ : समांतर वाद

हाच प्रश्न अरब जगालाही भेडसावत होता. १९३२ मध्ये कैरो येथे अरब संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ यांसारखे युरोपीय संगीतकार आणि कुर्ट झाक्स यांच्यासारखे वाद्यशास्त्रज्ञ तिला उपस्थित होते. सप्तकाचे २४ समान भाग मानावेत का, आणि पियानोसारखी पाश्चात्त्य वाद्ये अरब संगीतात घ्यावीत का, यांवर तेथे तीव्र मतभेद झाले. पाश्चात्त्य वाद्यांचा पुरस्कार करणाऱ्या स्थानिक आधुनिकतावाद्यांपेक्षा पाहुणे युरोपीय अभ्यासकच त्यांच्या विरोधात अधिक आग्रही होते, हा या परिषदेतील विलक्षण प्रकार. आपल्याकडे एका इंग्रज न्यायाधीशाने श्रुतींची बाजू घ्यावी आणि पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीच पेटीवर बंदी आणावी, याच्याशी त्याचे साम्य सहज जाणवते.

अरब संगीताला या वादात एक मोठा आधार होता. पियानो आला तरी ऊद गेला नाही. स्वर कोठे आहे, याची साक्ष देणारे वाद्य प्रत्येक वादकाच्या मांडीवर होते. एवढेच नव्हे, तर ऊदावरच नवे प्रयोग झाले. इस्तंबूलचे शरीफ मुहिद्दीन तर्गान (१८९२–१९६७) हे चेलोवादकही होते. चेलोवरील बोटांची चपळाई आणि वरच्या जागांचा वापर त्यांनी ऊदावर आणला. १९३० च्या दशकात ते बगदादला गेले व तेथील संगीत संस्थेचे प्रमुख झाले. त्यांच्या शिष्यवर्गातील जमील बशीर व मुनीर बशीर या बंधूंनी ऊदाला साथीच्या वाद्याऐवजी स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. परके तंत्र घेतले, पण पडदे बसविले नाहीत, हे या प्रयोगाचे मर्म होय.

आपल्याकडे सारंगी मागे पडत गेली आणि हे साक्षीदाराचे काम एकट्या तंबोऱ्यावर येऊन पडले. त्या दृष्टीने मिरजेतील सतारमेकरांचे ऋण मोठे आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेली ही कारागिरी पुण्याच्या मैफलींना तंबोरे पुरवीत आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

५. व्हायोलिन : दुसरा मार्ग

पेटीइतकेच परके असलेले आणखी एक वाद्य महाराष्ट्राने स्वीकारले, ते म्हणजे व्हायोलिन. त्याच्या स्वीकाराची कथा अगदी निराळी आहे. ऊदाप्रमाणेच व्हायोलिनलाही पडदे नाहीत. म्हणून त्याची रचना बदलण्याची गरज भासली नाही. बदलली ती बसण्याची पद्धत, तारा मिळविण्याची रीत आणि गजाचे वजन. ग्वाल्हेर परंपरेतील अंतूबुवा जोशी यांचे चिरंजीव गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे मुळात गायक. त्यांनी आपली गायकीच व्हायोलिनवर आणली. गोव्याचे श्रीधर पार्सेकर, तसेच वि. गो. जोग आणि द. के. दातार यांनी हे वाद्य हिंदुस्थानी मैफलीत स्थिर केले. व्हायोलिनच्या स्वरांवर पेटीइतका वाद कधीच झाला नाही, कारण व्हायोलिनचा स्वर बिघडला तर दोष वादकाकडे जातो. पेटीचा स्वर बिघडला तर दोष वाद्याकडे जातो.

याचा शिक्षणावर होणारा परिणाम महत्त्वाचा आहे. पडदे नसलेल्या वाद्यावर विद्यार्थी चुकतो आणि चूक ऐकायला शिकतो. पट्टीच्या वाद्यावर तो चुकीची पट्टी दाबू शकतो, परंतु दाबलेल्या पट्टीचा स्वर कमीजास्त आहे की काय, हा विचार करण्याची त्याला वेळच येत नाही.

६. बंदी आणि वादकांचे उत्तर

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. लायोनेल फील्डन हे तेव्हा आकाशवाणीचे प्रमुख होते. आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात काम केलेल्या जॉन फोल्ड्स यांनी या वाद्यावर आधीच कठोर टीका केली होती. रवींद्रनाथ ठाकुरांचाही या वाद्याला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी हेच धोरण चालू ठेवले. १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झाले तेव्हा घरोघरी पेटी असलेल्या या शहराच्या नभोवाणीवर पेटीला मात्र मज्जाव होता. स्वतः उत्तम पेटीवादक असलेले पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये याच नभोवाणीच्या सेवेत रुजू झाले, ही गोष्ट या काळातील विसंगती पुरेशी स्पष्ट करते. १९७१ मध्ये काही अटींवर ही बंदी शिथिल झाली.

या काळात पेटीवादकांनी जे उत्तर दिले ते वादाने दिलेले नव्हते, वादनाने दिलेले होते. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा आधीच मिळवून दिली होती. भास्करबुवांच्या गायनाला त्यांनी साथ केली आणि १९११ मधील 'संगीत मानापमान'च्या चालीही त्यांच्याच. पेटीवर मींड निघत नाही, हे मान्य करून कण, मुरकी, दोन पट्ट्यांचा क्षणिक मिलाफ आणि भात्याचा दाब यांतून मींडेचा आभास निर्माण करणे, हे तंत्र त्यांच्यानंतरच्या वादकांनी परिपूर्ण केले. नाट्यसंगीतात गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६), तर पुण्यातील मैफलीत आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांची साथ श्रोत्यांच्या स्मरणात राहिली. गायकाच्या आंदोलित स्वराच्या वेळी पट्टी सोडून द्यायची, तो स्वर गायकाकडेच राहू द्यायचा आणि नंतरच्या विश्रांतीवर भेटायचे, ही साथीतील जाण फार मोलाची आहे. वाद्याची मर्यादा ओळखून गप्प राहणे, हाही एक श्रुतिविचारच म्हणावा लागेल.

स्वर मिळविण्याच्या बाबतीतही महाराष्ट्रातील कारागिरांनी मध्यममार्ग काढला. पेटीतील पितळी पट्टीचे टोक कानशीने घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. या कौशल्याने एक षड्ज निश्चित धरून बाकीचे स्वर तंबोऱ्याशी जुळतील असे मिळविणे शक्य असते. त्याला 'गंधार ट्यूनिंग' म्हणतात. त्याची मर्यादा अशी की ते एकाच षड्जासाठी उपयोगी पडते. पट्ट्यांचा सारा पाट सरकवून कोणत्याही पट्टीत वाजविता येणारी 'स्केलचेंजर' पेटी घेतली की समान भागांवाचून गत्यंतर नसते. म्हणजे सर्वांसाठी चालणारी पेटी कोणाशीही पूर्णतः जुळत नाही आणि एकाशी पूर्णतः जुळणारी पेटी दुसऱ्याच्या कामाची राहत नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी नव्या रचनेने सिद्ध केली आहे. गोविंदराव पटवर्धनांची तालीम लाभलेल्या वादकाने देवलांचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा, यावरून शंभर वर्षांपूर्वीचा हा शोध अद्याप संपलेला नाही हे दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पुणे परिसरात हार्मोनियमचा स्वीकार केवळ संगीताच्या गरजेतून झाला नाही. शिकण्याची सुलभता, छापील स्वरलेखन आणि सारंगीशी जोडल्या गेलेल्या सामाजिक पूर्वग्रहांपासून सुटका, ही त्यामागची प्रबळ कारणे होती. त्यातून संगीत अनेकांना मिळाले आणि काहींची उपजीविका गेली. या दोन्ही गोष्टी इतिहासात एकत्रच नोंदवाव्या लागतील.

२. देवल व क्लेमंट्स यांच्या पेटीला व्यवहारात यश आले नाही. तथापि गायकाच्या स्वराचे मापन करण्याची दृष्टी त्यांच्या प्रयोगातून मिळाली.

३. ऊद व व्हायोलिन यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की परके तंत्र स्वीकारूनही स्वराचा निर्णय वादकाच्या कानाकडे ठेवता येतो. हा निर्णय वाद्याकडे सोपविला की पुढे वाद्य सुधारण्याचे न संपणारे काम मागे लागते.

४. पेटीवरील बंदीने प्रश्न सुटला नाही. टेंबे, पटवर्धन, जळगावकर यांच्यासारख्या वादकांनी वाद्याच्या मर्यादेत राहून तो आपल्यापुरता सोडविला. त्यांचे कान मात्र तंबोऱ्यावर आणि उत्तम गायकांच्या सहवासात घडलेले होते.

आज पुण्यातील संगीतवर्गांत विद्यार्थ्याचा पहिला 'सा' बहुधा पेटीच्या पट्टीशी जुळविला जातो. अनेक ठिकाणी पेटीची जागा विजेवर चालणाऱ्या कीबोर्डने आणि भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याने घेतली आहे. त्यांना विरोध करणे शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण त्यांनीच संगीत सर्वांच्या आवाक्यात आणले आहे. तथापि पहिल्या वर्षीच विद्यार्थ्याला तंबोरा स्वतः मिळविता यावा आणि पडदे नसलेल्या एखाद्या वाद्याची तोंडओळख त्याला व्हावी, एवढी तरतूद अभ्यासक्रमात करणे अवघड नाही. त्या चार मिलिमीटरांचा शोध एकदा स्वतःच्या बोटाने घेतलेला विद्यार्थी पुढे कोणतेही वाद्य वाजवो, पट्टीवरील गांधार आणि तंबोऱ्यातील गांधार यांतील फरक तो विसरणार नाही.